निळ्या रंगावरचं जंगल

सुट्टीवर गावी गेलो की लोक हमखास विचारायचे, "तोपखान्यात म्हणजे तोफ चालवता ना?" मी सांगायचो, "नाही, मी सर्व्हेवाला." मग समोरच्याचा चेहरा पडायचा. जमीन मोजणारा तलाठी आणि मी यात त्यांना फारसा फरक दिसायचा नाही.

खरं सांगायचं तर फरक फार नाहीच. तोफेला शत्रू दिसत नसतो. तो डोंगरापलीकडे असतो. आपण नेमके कुठे उभे आहोत, लक्ष्य नेमकं कुठे आहे आणि उत्तर दिशा कुठली, हे तिला सांगावं लागतं. ते सांगणं हे आमचं काम. देवळालीच्या आर्टिलरी स्कूलमध्ये थिओडोलाईटला डोळा लावून आम्ही हेच शिकलो. उस्ताद म्हणायचे, "बेटा, नक्शा झूठ नहीं बोलता, पढ़नेवाला झूठ बोलता है।" हे वाक्य आम्ही हसण्यावारी न्यायचो. मला ते कळायला सोळा वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. ती गोष्ट आज लिहितो आहे.

१९९८ साली मी हवालदार होतो आणि काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर होतो. तोपखान्याचे जवान तिथे तोफा सोडून पायदळाचं काम करतात. आमची कंपनी वुलर सरोवराच्या काठी होती. नेमकी जागा, शीटचा नंबर आणि युनिट इथे लिहीत नाही. जुन्या मित्रांना कळेल, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

वुलर मी पहिल्यांदा पाहिलं ते पश्चिमेकडच्या वाटलबच्या बाजूने, टेकडीवरून. वर बाबा शुकरुद्दीनचा दर्गा आहे आणि खाली नजर पोचेल तिथवर पाणी. पलीकडे पूर्वेला हरमुखचा बर्फाळ माथा. आम्हा विदर्भातल्या माणसांना तलाव म्हणजे बांध घातलेलं पाणी, ज्याचा पलीकडचा काठ दिसतो. हे प्रकरण वेगळंच होतं. भारतातल्या गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी हे एक. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून थोडं जास्त उंच. झेलम नदी दक्षिणेकडून बन्यारीजवळ आत शिरते आणि नैऋत्येला सोपोरकडून बाहेर पडते. हरमुखच्या बाजूने मधुमती आणि एरिन हे नाले येतात. बर्फ वितळलं की पाणी फुगतं, थंडीत आटतं. दुपारनंतर डोंगरातून वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून होडीवाले सकाळीच पार होतात. वुलर हे नावच संस्कृत उल्लोल, म्हणजे मोठी लाट, यावरून आलं असं म्हणतात. राजतरंगिणीत या सरोवराचं नाव महापद्म आहे.

सोपोरची गोष्ट मला फार आवडली होती. नवव्या शतकात अवंतिवर्मा राजा होता. त्याच्या काळात सुय्य नावाच्या माणसाने झेलमच्या पात्रातला गाळ आणि दगड काढून पुराचं पाणी वाहतं केलं आणि बुडालेली जमीन मोकळी केली. त्याच्या नावाने सुय्यपूर वसलं, तेच आजचं सोपोर. म्हणजे या खोऱ्यात पाणी कुठे थांबतं आणि कुठून निघून जातं, हा प्रश्न हजार वर्षांपासून जीवनमरणाचा आहे. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासाठी वुलर म्हणजे नकाशावरचा एक निळा डाग होता.

ऑप्स रूमच्या भिंतीवर एक जुनी शीट फ्रेम करून लावलेली होती. एक इंचाला एक मैल, इंग्रजांच्या काळातल्या सर्व्हेची. कुठल्या तरी जुन्या युनिटने मागे ठेवलेली असावी. कामाला नवी मेट्रिक शीट होती, पण सर्व्हेवाल्याला जुना नकाशा दिसला की पाय थांबतातच. रात्रीच्या ड्युटीवर मी तिच्यासमोर उभा राहायचो. तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा डोंगरावर दाटीवाटीने, आणि जशा खाली सरोवराकडे येतात तशा विरळ होत जातात. उत्तरेला आणि पश्चिमेला काठाची रेषा ठसठशीत. दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र निळ्या रंगाच्या कडेने दलदलीच्या बारीक बारीक खुणा, जणू रेषा ओढणाऱ्याचा हात तिथे अडखळला होता.

त्या शीटमागे किती लोकांचे पाय झिजले असतील याचा विचार करायचो. काश्मीरचा पहिला पद्धतशीर सर्व्हे १८५५ मध्ये सुरू झाला, गुलाबसिंग महाराजांच्या वेळी. प्रमुख होते थॉमस माँटगोमेरी, बंगाल इंजिनियर्सचे अधिकारी, वय पंचविशीच्या आसपास. १८५६ मध्ये ते थिओडोलाईट घेऊन याच हरमुखवर चढले. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब काराकोरममध्ये दोन ठळक शिखरं दिसली. त्यांनी वहीत त्यांचं चित्र काढलं आणि के-१, के-२ असं लिहून ठेवलं. के म्हणजे काराकोरम. के-१ चं स्थानिक नाव माशेरब्रुम असल्याचं नंतर कळलं. के-२ तसंच राहिलं, आणि ते जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर निघालं. आम्ही चहाचा मग घेऊन रोज सकाळी ज्या डोंगराकडे बघायचो, त्यावरून हे काम झालं होतं. एवढ्या उंचीवर थिओडोलाईटची पेटी वाहून नेणारे खलाशी, निशाणासाठी दगडाचे चबुतरे रचणारे आणि आरशाने उन्हाचे इशारे देणारे, हे सगळे आपले लोक. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची नावं नसतात.

यात माझ्या गावाकडचाही एक धागा आहे. मी वर्धा जिल्ह्याचा. हा सगळा त्रिकोणांचा सर्व्हे १८०२ मध्ये मद्रासला ज्यांनी सुरू केला ते विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये काम करता करता आमच्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. लहानपणी आम्ही तिला गोऱ्याची कबर म्हणायचो, त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. लॅम्ब्टननी कन्याकुमारीच्या बाजूने वर आणलेली त्रिकोणांची साखळी पुढे एव्हरेस्टनी डेहराडूनच्या डोंगरांपर्यंत नेली आणि त्यातूनच पुढच्या साखळ्या काश्मीरपर्यंत पोचल्या. हरमुखवर चढलेली पेटी त्याच साखळीतली. हे कळलं तेव्हा वुलरच्या काठी मला थोडं कमी परकं वाटलं.

आता काठ कसा काढतात ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

उंच शिखरांवरून त्रिकोण मोजले की काही मोजके बिंदू पक्के होतात. मधला सगळा तपशील भरतो तो प्लेन टेबलवाला. तीन पायांवर एक लाकडी फळी, तिच्यावर कागद, आणि कागदावर ते पक्के बिंदू आधीच टोचलेले. तो एखाद्या टेकाडावर उभा राहतो, ओळखीची तीन शिखरं बघतो, फळी फिरवून जुळवतो आणि त्या शिखरांकडून तीन रेषा मागे ओढतो. तिन्ही एका ठिकाणी मिळाल्या तर तो नेमका तिथे उभा आहे. नाही मिळाल्या तर मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो, तो चुकीचा त्रिकोण. फळी थोडी थोडी फिरवून तो मिटवायचा. मग समोर दिसणारं प्रत्येक टोक, वळण, झाड, मशीद यांच्याकडे रेषा ओढायच्या आणि दुसऱ्या जागेवरून पुन्हा ओढायच्या. दोन रेषा जिथे छेदतात तिथे ती वस्तू. उंचीसाठी क्लायनोमीटर. जे दिसलं ते जागेवरच कागदावर उतरतं, घरी नेऊन आठवून नाही.

डोंगर जिथे सरळ पाण्यात उतरतो तिथे हे काम सोपं. पाणी एक मीटर चढलं तरी काठ दोन-चार पावलं सरकतो, नकाशावर ते दिसतसुद्धा नाही. पण सपाट काठ घ्या. हजार मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाणी एक मीटर चढल्यावर काठ एक किलोमीटर आत येतो. एक इंची नकाशावर ते अर्ध्या इंचाहून जास्त होतं. मग सर्व्हेवाल्याने काठ कुठला दाखवायचा? जूनमधला की डिसेंबरमधला? लव्हाळ्यात उभं राहिल्यावर त्याला शिखरं दिसतात, पण पायाखाली काय आहे ते दिसत नाही. तो त्या दिवशीचं पाणी बघतो, गावकऱ्यांना विचारतो, एक रेषा ओढतो आणि पुढे दलदलीच्या खुणा करतो. त्या खुणांचा अर्थ एवढाच, की इथे मी छातीठोकपणे काही सांगत नाही, जपून जा.

हे सगळं मी कोर्समध्ये शिकलो होतो. परीक्षेत याला चांगले मार्कही पडले होते.

नोव्हेंबर उजाडला. चिनार लाल होऊन झडले. सरोवर आटून मागे गेलं होतं. आमच्या कॅम्पजवळ एक म्हातारा होडीवाला यायचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. तो शिंगाडे आणि नदरू, म्हणजे कमळाचे देठ, विकायचा. मी शिंगाडे घेता घेता त्याच्याशी गप्पा मारायचो. काठावर ओळीने उभी असलेली झाडं दाखवून एकदा विचारलं, ही कुठली? तो म्हणाला, "वीर." म्हणजे विलो. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो त्याच्याच गोतावळ्यातलं झाड. क्रिकेटच्या बॅटी, सफरचंदाच्या पेट्या, सरपण, सगळं त्यातून होतं. मी म्हटलं, एवढं जंगल आहे म्हणजे जमीन चांगली असणार. चाचा हसला. "साब, वीर को पानी अच्छा लगता है। जहाँ वीर देखो, उसको ज़मीन मत समझना।" मी पण हसलो. म्हाताऱ्याच्या गोष्टी म्हणून सोडून दिलं.

काही दिवसांनी खबर आली. रात्री एका जुन्या घाटावर होडी लागणार होती. तिथे अँबुश लावायचा होता. कंदिलाच्या उजेडात कंपनी कमांडर साहेबांनी शीट पसरली. बांधावरून गेलं तर पाच किलोमीटर, आणि वाटेत दोन वस्त्या. कुत्री भुंकणार, खबर पुढे जाणार. सरळ कापलं तर दोन किलोमीटरच्या आत. पण सरळ वाटेवर शीटवर निळा रंग होता, सरोवराची एक जीभ आत आलेली, आणि तिच्या कडेला दलदलीच्या खुणा. मी आदल्या दिवशी टेकडीवरून दुर्बिणीने तो भाग पाहिला होता. पाणी नव्हतं. ओळीत लावलेली विलोची झाडं या टोकापासून त्या टोकापर्यंत.

साहेब म्हणाले, "सर्व्हेवाला तू आहेस. बोल."

मी म्हणालो, "साहेब, शीट जुनी आहे. तिथे आता जंगल आहे. झाडं उभी आहेत म्हणजे जमीन आहे."

एवढंच बोललो. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला आजही ऐकू येतो. शीटच्या खालच्या कोपऱ्यात सर्व्हेचं साल लिहिलेलं असतं, ते मी वाचलं होतं. जुनं आहे एवढंच त्यातून घेतलं. त्या वर्षी तिथे पाणी होतं, ही गोष्ट घेतली नाही.

रात्री दहाला निघालो. पहिला अर्धा भाग ठीक गेला. वरची माती थंडीने कडक झाली होती, पायाखाली करकर वाजत होती. मग ती मऊ झाली. मी पुढे होतो, मला वाटलं पाचोळा आहे. माझ्यामागे तिसऱ्या नंबरवर सेटवाला होता, साताऱ्याकडचा पोरगा, बाविशीचा. मी हलका होतो, निघून गेलो. त्याच्या पाठीवर रेडिओ सेट आणि बॅटऱ्या होत्या. मागे फक्त एक दबलेला आवाज आला. वळून बघितलं तर तो कमरेपर्यंत गेला होता.

ओरडता येत नव्हतं. टॉर्च लावता येत नव्हता. आडवं पडून आम्ही त्याला सेट काढायला लावला. रायफलींच्या स्लिंग जोडल्या. विलोच्या फांद्या तोडून त्याच्या काखेखाली सरकवल्या. जितका जोर लावू तितका गाळ त्याला ओढत होता, कारण खाली गाळ आणि त्याखाली पाणी होतं. झाडांच्या मुळांनी वर फक्त एक साय धरली होती. तो एक शब्द बोलला नाही. त्याचे दात वाजत होते तेवढेच ऐकू येत होते. पाऊण तासाने तो बाहेर आला तेव्हा एक बूट आतच राहिला होता. त्या थंडीत ओल्या पायाने त्याला बांधापर्यंत आणायला आणखी दोन तास गेले. अँबुश लागला नाही. होडी आली की नाही, कळलं नाही.

त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं हॉस्पिटलमध्ये काढावी लागली. लो मेडिकल कॅटेगरी झाली. पायदळाच्या कामातून तो कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय चुकलं? मी म्हणालो, "साहेब, नकाशा जुना आहे. त्यात हे जंगलच नाही." हे खरं होतं. जंगल नव्हतंच त्यात. सगळ्यांनी मान डोलावली, कारण नकाशे जुने असतात ही तक्रार प्रत्येक फौजीने ऐकलेली असते. साहेब मोठ्या मनाचे, म्हणाले, निर्णय माझा होता. पण पोरांमध्ये गोष्ट पसरली ती अशी, की नकाशा चुकीचा होता म्हणून तो बुडता बुडता वाचला. मी ती पसरू दिली. नकाशा काही उत्तर देणार नव्हता.

खरी गोष्ट उलटी होती. नकाशाने सांगितलं होतं की इथे पाणी आहे, कडेला दलदल आहे, जपून जा. मी त्याच्यावर उभं राहिलेलं जंगल बघितलं आणि त्याला खोटं ठरवलं.

ते जंगल आलं कुठून हे मी नंतर शोधत गेलो. सरपणासाठी वुलरच्या काठावर विलो लावणं स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झालं होतं, पुढे ते वाढत गेलं. झेलम आणि डोंगरातले नाले दरवर्षी गाळ आणतात. वरची जंगलं तुटली की गाळ वाढतो. पाण्यात झाडं लावली की ती गाळ धरून ठेवतात, मग आणखी उथळ होतं, आणखी झाडं लावता येतात. कडेने भातशेती पुढे सरकते. १९११ च्या नकाशांवरून आजूबाजूची पाणथळ धरून वुलरचं क्षेत्र सुमारे १५८ चौरस किलोमीटर निघतं. २००७ च्या अभ्यासात ते सुमारे ८७ राहिलं होतं. जवळपास निम्मं सरोवर शेतीखाली आणि झाडांखाली गेलं. पुढे सरकारनेच विलो तोडून गाळ काढायचं काम हाती घेतलं. आपण सगळीकडे झाडं लावा म्हणतो, आणि इथे सरोवर वाचवायला झाडं तोडावी लागतात. आणि किती सरोवर हरवलं हे मोजायला हाताशी काय होतं? तीच जुनी शीट. कुणीतरी लव्हाळ्यात उभं राहून प्रामाणिकपणे ओढलेली ती रेषा नसती, तर काय गेलं हे कुणाला सांगताच आलं नसतं.

२०१४ मध्ये मी पुन्हा खोऱ्यात होतो, आता सुभेदार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेचना. झेलमने काठ सोडले आणि श्रीनगर बुडालं. सेनेने ऑपरेशन मेघ राहत सुरू केलं. आम्ही बोटी, दोर, पाण्याचे कॅन घेऊन दिवसरात्र फिरत होतो. लोक घरांच्या दुसऱ्या मजल्यावर, छपरांवर बसलेले. एका वस्तीत एक म्हातारा बोटीत चढताना म्हणाला, इथे आमच्या लहानपणी लव्हाळं होतं, बदकं यायची, घरं नंतर झाली.

त्या रात्री माझ्या डोक्यात भिंतीवरची ती शीट आली. एका तरुण कॅप्टन साहेबांना विचारून मी जुन्या नकाशांच्या प्रती मिळवल्या आणि दोघे नव्या शीटशेजारी ठेवून बसलो. नव्या नकाशावर जिथे वस्ती आणि शेती होती, त्यातल्या कितीतरी जागी जुन्या नकाशावर निळा रंग किंवा दलदलीच्या खुणा होत्या. तंतोतंत नाही, पण इतपत की उद्या कुठलं पाणी उतरेल आणि कुठलं आठवडाभर तसंच उभं राहील याचा अंदाज बांधता आला. बोटी कुठे ठेवायच्या ते त्यावरून ठरवलं. अंदाज बहुतेक बरोबर निघाले. पाणी आपल्या जुन्या घरी परत आलं होतं.

कॅप्टन साहेब म्हणाले, "सुभेदार साहब, कमाल है, इतना पुराना नक्शा और एकदम करेक्ट!" मी हो म्हणालो. मग बराच वेळ गप्प बसलो. बाहेर बोटींच्या मोटारी चालू होत्या. मला विलोच्या फांद्या मोडल्याचा आवाज येत होता.

पुढच्या वर्षी अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून घरी आलो. सर्वांत आधी साताऱ्याकडे गेलो. तो आता पिठाची गिरणी चालवतो. थोडा लंगडतो, पण सांगितल्याशिवाय कळत नाही. बायकोने पोहे केले, पोरीने शाळेतली प्रमाणपत्रं दाखवली. गिरणी बंद करून आम्ही मागच्या ओट्यावर बसलो, तेव्हा मी बोललो. म्हटलं, "त्या रात्री नकाशा चुकीचा नव्हता. त्यात पाणी दाखवलं होतं. मी बघितलं होतं. चूक माझी होती, आणि मी ती नकाशावर ढकलली."

तो पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, उस्ताद."

मी विचारलं, "कसं?"

"निघायच्या आधी तुम्ही पोंचोखाली टॉर्च धरून शीट बघत होता ना, मी मागेच उभा होतो. निळा रंग मलाही दिसला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सर्व्हेवाले. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सोळा वर्षं त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मला त्याने माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. निघताना पाच किलो ज्वारीचं पीठ पिशवीत घालून दिलं.

परत येताना हिंगणघाटला उतरलो आणि गोऱ्याच्या कबरीकडे जाऊन आलो. थोडा वेळ उभा राहिलो. एकवीस वर्षं या माणसाने देश मोजला आणि मोजता मोजताच तो गेला. त्याच्या खलाशांतले कितीजण असेच कुठेतरी तापाने, वाघाने, थंडीने गेले, त्यांच्या कबरी नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते कागदावर ठेवलं, पुढच्या माणसाने वाचावं म्हणून.

हल्ली गावातली पोरं फौजेच्या भरतीची तयारी करतात, तेव्हा मी त्यांना नकाशा वाचायला शिकवतो. मोबाईलवर सगळं दिसतं, तरीही शिकवतो. सुरुवात उत्तर दिशेपासून करत नाही, खालच्या कोपऱ्यापासून करतो. सर्व्हे कुठल्या साली झाला ते आधी मोठ्याने वाचायला लावतो. आणि मागे उभ्या असलेल्या पोराला आवर्जून विचारतो, तुला काय दिसतंय, ते बोल.

जय हिंद.